वडिलांच्या जुन्या वॉकमनमधून आवाज जाड आणि संथ येतो, मधेच रीळ गुंततं. कॅसेट खराब झाली असेल का? घरी दुरुस्त होईल का, की नवाच घ्यावा?

कॅसेटला दोष देऊ नका. आधी घरातली दुसरी एखादी टाकाऊ कॅसेट घाला, गुंतली तरी हळहळ वाटणार नाही अशी. तीही तशीच रडत असेल तर रोग वॉकमनमध्ये आहे, रिळात नाही. पाच मिनिटांचं काम. २००६ साली आमच्या घरात कुणी हे केलं असतं, तर ‘आजीची कॅसेट हिनं बिघडवली’ हे वाक्य मला १८ वर्षं ऐकावं लागलं नसतं.

आमचं गाव अंबाजोगाईजवळ. १९९४ च्या दिवाळीत वडिलांनी जात्यापाशी टेपरेकॉर्डर ठेवून आजीच्या ओव्या भरून घेतल्या. २२ मिनिटं भरलं आणि लाइट गेली, म्हणून तेवढंच. आधी नुसती जात्याची घरघर, मग आजी खाकरते, मग गळा लागतो. मधेच ती थांबून आईला म्हणते, “घाल गं अजून एक ओंजळ,” आणि ज्वारी पडल्याचा आवाज येतो. आजी १९९९ ला गेली. फोटो आहेत, पण आवाज एवढाच.

मामांनी आखातातून जपानी वॉकमन आणला होता. मी डी.एड.ला लातूरला होते तेव्हा होस्टेलवर रात्री त्यावर हीच कॅसेट ऐकायची. २००६ मध्ये आजीचा आवाज हळूहळू बसायला लागला. बाई गातेय की बाप्या, कळेना. सेल बदलले, तरी तेच. दादाला घेऊन एका दुकानात गेले. दुकानदारानं कानाला लावलं आणि म्हणाला मोटर गेली. ३५० रुपये घेऊन मोटर बदलली. आठवडाभर बरं वाजलं, पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणाला, “ताई, रीळच ताणलंय तुमचं.” दादा शेजारीच उभा होता. घरी येऊन त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, “हिनंच वाजवू वाजवू ताणलं. आता हात लावायचा नाही कुणी.” कॅसेट त्याच्या कपाटात गेली, वॉकमन माळ्यावर. त्यानंतर घरात आजीचा विषय निघाला की हाही निघायचाच.

आता तुमच्याकडे येते. ताणलेलं रीळ आणि संथ फिरणारं यंत्र यांचा आवाज वेगळा असतो. रीळ ताणलं जातं ते गुंतलेल्या, ओढलेल्या जागी. तिथं आवाज डगमगतो, बुडतो, पुढे गेलं की पुन्हा नीट. सगळीच्या सगळी कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत जाड झाली असेल, तर बहुतेक ती कमी वेगानं फिरतेय. १९६३ ला फिलिप्सनं ही कॅसेट काढली तेव्हापासून तिचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला ४.७६ सेंमी. त्याच्या खाली गेलं की गळा उतरतो. तुमचं रीळ गुंततंय तेही बहुतेक याच कारणानं. बहुतेक वॉकमनमध्ये एकच रबरी बेल्ट दोन्ही कामं करतो. रीळ पुढं सरकवणारी पोलादी कांडी तोच फिरवतो आणि सरकलेलं रीळ गुंडाळून घेणारं चाकही त्याच्याच जोरावर फिरतं. बेल्ट ढिला पडला की कांडी कशीबशी रीळ ढकलत राहते, पण गुंडाळणारं चाक थांबतं, आणि रीळ रबरी रोलरला जाऊन बसतं.

२०२४ च्या पावसाळ्यात आईनं माळा काढला, त्यात वॉकमन सापडला. मी तो जेवणाच्या टेबलावर उघडला. मागचे पाच पेच, त्यात दोन लांब, तीन आखूड. वहीच्या कागदावर वॉकमनची आकृती काढून ज्या त्या जागी चिकटपट्टीनं चिकटवले. झाकण निघालं तर बेल्ट नव्हताच. पितळी चाकाच्या कडेला काळी काकवी ओतल्यासारखं काहीतरी होतं, तोच बेल्ट. जुनं रबर असं विरघळतं, आणि एकदा बोटाला लागलं की तीन दिवस जात नाही. आगपेटीच्या काडीनं खरवडलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. एक अख्खी रविवार दुपार गेली. खोबणीत एक कणही राहू देऊ नका, नवा बेल्ट तिथंच घसरतो.

माप घ्यायला जुना बेल्ट उरला नव्हता, म्हणून शिवणाचा दोरा चाकांवरून बेल्टच्या वाटेनं फिरवून मोजला. २१ सेंमी आला. बेल्ट थोडा ताणून बसायला हवा, म्हणून ऑनलाइन २० सेंमी घेराचा मागवला. जाडी १ मिमी, चौकोनी. हात धुऊन, चिमट्यानं बसवला.

चालू केला तर आवाज चिरका. वेगच जास्त. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दुकानदारानं ढिल्या बेल्टची कसर भरून काढायला मोटर पळवली होती! मोटरच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, आत वेगाचा पेच. (काही वॉकमनमध्ये तो पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर असतो.) विकतच्या एका कॅसेटच्या कागदावर गाण्याची वेळ छापलेली होती, ५ मिनिटं १० सेकंद. मोबाइलवर वेळ लावली, ४ मिनिटं ५२ सेकंदांत गाणं संपलं. पेच केसभर फिरवायचा, पुन्हा गाणं लावायचं. सात वेळा ऐकलं. ५.१० ला ५.१० जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

पंचमीला दादा आला, त्याला कॅसेट घेऊनच बोलावलं होतं. हेडफोन त्याच्याच कानाला लावला. घरघर, खाकरणं, गळा. “घाल गं अजून एक ओंजळ” आलं तशी त्यानं हेडफोन काढून आईच्या कानाला लावला. म्हणाला, “तुला मागायलीय.” थोड्या वेळानं मी म्हणलं, दादा, रीळ ताणलेलं होतं का? “नव्हतं ताणलेलं.” एवढं मला ऐकायचं होतं.

म्हणून सांगते, मोटर गेली असं पहिल्या फटक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोटर क्वचितच जाते, रबर मात्र नक्की जातं. नवा घ्यायचा का विचारताय, तर नवे कॅसेट प्लेअर आता पुन्हा मिळतात, पण ८०-९० च्या दशकातल्या चांगल्या वॉकमनचं, वेग एकसारखा ठेवणारं जड पितळी चाक त्यांच्यात सहसा नसतं. वडिलांचा आहे, त्यालाच नवा बेल्ट घाला. आणि कॅसेट खराब केल्याचं खापर घरात कुणाच्या डोक्यावर फोडलं असेल, तर आधी त्या माणसाला फोन करून सांगा की अजून काही ठरलेलं नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. नेलपॉलिश काढायचं पाणी किंवा पेट्रोल आत लावू नका, प्लास्टिक विरघळतं. सेलच्या पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर असेल आणि सेल अल्कलाइन असतील, तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरडं करा. नवा बेल्ट बसवूनही आवाज दबलेलाच आला तर हेड, म्हणजे रीळ ज्याला घासून जातं तो धातूचा तुकडा, पुसा, आणि कॅसेटच्या तोंडाशी असलेला लोकरीचा छोटा तुकडा जागेवर आहे का बघा, त्याचा गोंद सुकून तो पडतो. तुमचा ऑटो-रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणारा असेल, तर माझी आकृतीची युक्ती पुरायची नाही. त्यात चाकं दोन आणि बेल्टची वाट वाकडी असते, प्रत्येक पायरीला फोटो काढा. आणि बेल्ट बदलेपर्यंत वडिलांची कॅसेट त्यात घालू नका. तपासायला टाकाऊ कॅसेट वापरा.