मुलीला मेकॅनिकलच हवंय, काय करू?

प्रश्न : मुलीला फार्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल मिळतंय, तिलाही तेच हवंय. मी म्हणतो, जमाना ज्ञानाचा आहे, कॉम्प्युटर घे. कारखान्यात आयुष्य का काढायचं? २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि माझे ट्रक दारात उभे राहिले. तिच्यावर तशी पाळी यायला नको.
– एक पालक, डिचोली

उत्तर : नमस्कार. तुमची धास्ती समजते, पण खाण आणि कारखाना एका मापाने मोजू नका. आपल्याकडचं बरंचसं खनिज बार्जमधून मुरगावला जायचं आणि तिथून थेट जहाजात. पोलाद व्हायचं ते परदेशात. त्यामुळे बंदी आली तशी सगळी साखळीच थांबली.

कारखान्याचं तसं नसतं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बनणाऱ्या ट्रूनॅटचं बघा. क्षयरोगाच्या जंतूचा डीएनए तासाभरात शोधणारी ही चाचणी बॅटरीवरही चालते, म्हणून लहान आरोग्य केंद्रांतही वापरता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण चाचणी शोधून भागत नाही. या चाचणीला लागणाऱ्या हजारो चिप्स बनवायच्या आणि प्रत्येकीने सारखाच भरवशाचा निकाल द्यायचा, हे कारखान्यातच जमवावं लागतं.

औषध कंपन्यांतही तेच. गोळ्या दाबणाऱ्या मशीनचा वेग फार वाढवला, तर भुकटीतली हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि गोळीचा वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटतो. याला कॅपिंग म्हणतात. आता वेग उतरवायचा, दाब बदलायचा, की दाण्यांमधला ओलावा तपासायचा? त्यासाठी मशीनपाशी उभं राहून वजनाच्या आणि कडकपणाच्या नोंदी चाळाव्या लागतात. जे केलं ते बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या खेपेच्या नोंदींत, सहीनिशी लिहायचं, कारण तपासणीला आलेला अधिकारी नेमकं तेच पान मागतो. तुम्ही म्हणता तो ज्ञानाचा जमाना हाच!

गोवा लहान, जमीन महाग. नुसत्या स्वस्त मजुरीवर चालणारे कारखाने इथे फार काळ तग धरतील असं मला वाटत नाही. डोकं लागतं तेच टिकतील. म्हणून मुलीला मेकॅनिकल घेऊ द्या. मात्र जोडीला प्रोग्रॅमिंग आणि पीएलसी (कारखान्यातली मशीनं चालवणारा छोटा कॉम्प्युटर) शिकायला लावा. मशीनवरच्या सेन्सरचे आकडे वाचता येणाऱ्या मेकॅनिकलवाल्याला मागणी आहे, आणि कॉम्प्युटर तुमच्या मनातून जात नसेल तर तोही असा पोटात येतोच.

आता कडू बाजू. सुरुवातीचा पगार आयटीतल्या चांगल्या नोकरीपेक्षा कमी असू शकतो, शिफ्टही असतात. काही ठिकाणी इंजिनिअरलाही कंत्राटदाराच्या मस्टरवर घेतात. तेव्हा सुट्टीत इंटर्नशिपला पाठवा, जमलं तर वेर्ण्याला एक आणि जहाजबांधणी बघायला वास्कोला एक. नोकरीची वेळ आली की नेमणूकपत्रावर नाव कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, हे सही करण्याआधी बघायचं, एवढं तिला आत्ताच सांगून ठेवा.