लीड्समध्ये पहिलाच हिवाळा आहे. बॉक्सिंग डेला पहाटे उठून सेलला जावं का, त्यात मजा असते का? बजेट बेताचं आहे, चांगला कोट हवाय आणि आईला काहीतरी पाठवायचंय.

पहाटे उठू नका. बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, मस्त झोप काढा, खरेदीचं २७ पासून बघू.

बॉक्सिंग डेला दुकानं उघडायच्या आधीपासून रांगा, दार उघडताच धावपळ, हे चित्र आता बरंच जुनं झालंय. ब्लॅक फ्रायडे, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा मोठा सेल, इथे २०१० नंतर रुजला, तेव्हापासून सवलतींचा मोठा भाग नोव्हेंबरातच उरकतो. उरलेला सेल अनेक दुकानं ख्रिसमसच्या आदल्या दिवशीच ऑनलाइन सुरू करतात. मार्क्स अँड स्पेन्सर आणि आल्डी तर गेली काही वर्षं २६ ला दुकानंच उघडत नाहीत, कर्मचाऱ्यांना सुट्टी देतात. त्या दिवशी लोकल ट्रेन जवळजवळ नसतातच आणि बसही मोजक्याच असतात. २६ तारीख रविवारी आली, जशी २०२१ मध्ये आली होती, तर १९९४ च्या रविवार व्यापार कायद्यानुसार मोठ्या दुकानांना फक्त सलग सहा तास उघडता येतं. आणि आदल्या दिवशी, म्हणजे ख्रिसमसला, मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. तेव्हा २४ च्या संध्याकाळी दूध, ब्रेड आणि भाजी भरून ठेवा. पहिल्या वर्षी हे कुणी सांगत नाही.

तरी २६ ला दुपारी घराबाहेर पडावंसं वाटलं तर ब्रिगेट या शहरातल्या मुख्य बाजाररस्त्यावर एक फेरी मारा, पण पिशवी न घेता. गर्दी असते, पण सुट्टीतली, निवांत. काय आहे, किती कमी झालंय, ते पाहून यायचं. चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे फेरी लहानच होते.

आता कोट. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लीड्सचा हिवाळा थंडीपेक्षा वाऱ्याने आणि आडव्या पावसाने हैराण करतो. खिडकीतला लोकरीचा लांब कोट दिसायला देखणा असतो, पण रोज बसस्टॉपवर उभं राहणाऱ्याला टोपी असलेलं, पाणी न शिरणारं जाकीट जास्त कामाला येतं. आधी हे ठरवा, मग दुकानात शिरा. लोकरीचाच घ्यायचा असेल तर किमतीच्या आधी आतली पट्टी वाचा. पुढे 'वूल' लिहिलेलं असतं आणि आत पाहावं तर लोकर नावाला, बाकी सगळं पॉलिएस्टर. साठ-सत्तर टक्क्यांच्या वर लोकर असेल तर बोलू, नाहीतर ठेवा परत. शिवण, अस्तर, बटणं आणि खिशांची चेन दुकानातच तपासा. आणि कोट घालून बघताना आतून जाड स्वेटर घातलेला असू द्या. पातळ टी-शर्टवर मापात बसलेला कोट जानेवारीत अंगात शिरत नाही.

एक युक्ती इथल्या बऱ्याच मराठी मुली वापरतात. इथे मोठ्यांच्या कपड्यांवर वीस टक्के व्हॅट असतो, लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर शून्य. त्यामुळे चण लहान असेल तर मुलांच्या विभागात तेरा-चौदा वर्षांच्या मापाचं जाकीट घालून बघा. त्याच कंपनीचं, जवळपास त्याच कापडाचं जाकीट बरंच स्वस्त पडतं. बाह्या थोड्या आखूड वाटतात, खांद्याला नीट बसलं तर घ्या. लाजायचं कारण नाही, तिथे कुणी विचारत नाही.

थांबायचं किती, हा सेलमधला खरा जुगार. बहुतेक दुकानं भाव टप्प्याटप्प्याने उतरवतात: ख्रिसमसनंतर एकदा, जानेवारीत आणखी एकदा. पण भाव उतरेपर्यंत मधली मापं संपतात आणि हँगरवर एकदम लहान किंवा एकदम मोठी उरतात. माझं मत असं: कोटासारखी गरजेची वस्तू पहिल्या टप्प्यातच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. थंडी काही तुमच्यासाठी थांबणार नाही. चादरी, टॉवेल, तवे-कढया, चहाचे मग, यांना अंगाचं माप लागत नाही, त्यांच्यासाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत खुशाल थांबा. आणि सेलच्या रॅकवर जे काही लटकतं ते सगळं आधी जास्त भावात विकलं जात होतं असं धरून चालू नका. खास सेलसाठी म्हणून आणलेला हलका मालही त्यात असतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात येता-जाता दुकानांत डोकावलेलं बरं. तेव्हा पाहिलेली वस्तू आता कमी भावात दिसली तर ती खरी सवलत.

पण 'मजा' हा शब्द तुम्ही वापरलाय म्हणून सांगते, मजा मॉलमध्ये नाही. लीड्स हे आर्केडचं गाव आहे. ब्रिगेटच्या दोन्ही बाजूंना व्हिक्टोरियन काळातल्या छत असलेल्या गल्ल्या आहेत, पावसात भटकायला यासारखी जागा नाही. थॉर्नटन्स आर्केड १८७८ चं, तिथल्या घड्याळावर रॉबिन हूड आणि मंडळी दर पाव तासाला टोल देतात. काउंटी आर्केड फ्रँक मॅचम या नाट्यगृहं बांधणाऱ्या वास्तुविशारदाचं, आणि ते त्याच्या थाटावरून कळतंच. शेजारच्या क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर ब्रायन क्लार्क यांनी १९९० मध्ये केलेलं रंगीत काचेचं छत आहे. तिथल्या दुकानांचे भाव सेलमध्येही आपल्या खिशाचे नाहीत, पण मान वर करून चालायला पैसे पडत नाहीत. कॉर्न एक्सचेंजच्या घुमटाखाली छोटी स्वतंत्र दुकानं आहेत: दागिने, रेकॉर्ड, जुने कपडे. मालक स्वतः गल्ल्यावर असतो, ख्रिसमसची धांदल संपलेली असते, त्यामुळे तो गप्पा मारायच्या मूडमध्ये असतो. अशा दुकानात पन्नास टक्के सूट शोधू नका. ती त्यांना परवडत नाही. दहा टक्के मिळाली तरी वस्तू वेगळी असते आणि पैसा गावातच राहतो. अशी अनेक दुकानं नवीन वर्षापर्यंत बंदही असतात, जायच्या आधी त्यांचं इंटरनेटवरचं पान पाहून घ्या.

कर्कगेट मार्केट मात्र चुकवू नका. मायकेल मार्क्स यांनी १८८४ मध्ये याच बाजारात एक पेनीला वस्तू विकणारा स्टॉल टाकला, त्याचंच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. आजही तिथे कापडाचे तागे, लोकरीचे गुंडे, चेन आणि बटणं, मासळी, मसाले, सगळं एका छपराखाली मिळतं. मंडईत वाढलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं, फक्त घासाघीस करायला जाऊ नका, तो रिवाज नाही. संध्याकाळी आवरताना फळवाले स्वतःच भाव पाडतात. सुट्ट्यांच्या आठवड्यात वेळा बदलतात, आणि रविवारी एरवी बाजार बंदच.

मग चॅरिटी शॉप, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकणारी दुकानं. नको असलेल्या भेटवस्तू, कपाट आवरताना निघालेले कपडे, हे सगळं ख्रिसमसनंतर तिथे येऊन पडतं. त्यामुळे माझ्या लेखी वर्षातला सगळ्यात चांगला सेल जानेवारीच्या मध्यावर चॅरिटी शॉपमध्ये लागतो, पाटी न लावता. हेडिंग्लीत अशी दुकानं आहेत, पण विद्यार्थ्यांची वस्ती असल्याने चांगलं ते लगेच उचललं जातं. एखाद्या शनिवारी ट्रेन पकडून अर्ध्या तासावरच्या इल्कलीला जा. सुखवस्तू गाव आहे, त्यामुळे दुकानांत येणारे कोटही तसेच असतात. खरी लोकर, जुनी पण नीट जपलेली. येताना गावाच्या वरच्या मूरवर, म्हणजे मोकळ्या माळावर, चढून या, त्याला सेलची गरज नाही.

सुपरमार्केटमध्ये २७ पासून ख्रिसमसचा माल निम्म्या किमतीला आणि पुढे आणखी खाली जातो. त्यातल्या दिव्यांच्या माळा दिवाळीसाठी घेऊन ठेवा. भारतात नेल्या तरी व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिनेला अडॅप्टर लागेल. सांताक्लॉज नसलेला साधा सोनेरी कागद वर्षभर भेटी बांधायला पुरतो. ख्रिसमसच्या जेवणात दोघांनी ओढून फोडायचे कागदी क्रॅकर मात्र घरी न्यायला घेऊ नका, विमानात ते नेण्यावर अनेक कंपन्यांचे निर्बंध असतात.

बिल जपा, हे सांगायला नकोच. पण एक फरक लक्षात ठेवा. दुकानातून घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घेण्याचं बंधन कायदा दुकानदारावर घालत नाही. घेतात ते त्यांच्या धोरणाने, आणि सेलच्या मालावर ते धोरण कडक असू शकतं, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी: २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तीस दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात, सेलमध्ये घेतलेली असली तरी. दोष आधीच दाखवून विकली असेल तर नाही. ऑनलाइन मागवलेलं बहुतेक सामान मिळाल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता रद्द करता येतं. त्यामुळे मापाबद्दल शंका असेल तर कोट ऑनलाइन मागवणं उलट सुरक्षित.

राहिली आई. पर्यटकांना विमानतळावर मिळणारा व्हॅटचा परतावा इंग्लंडमध्ये २०२१ च्या सुरुवातीपासून बंद झालाय, तेव्हा कुणी जुन्या माहितीवर तसं सुचवलं तर त्या हिशोबाने खरेदी करू नका. पोस्टाने पाठवलंत तर तिकडे कस्टम ड्युटी लागू शकते आणि ती दारात आईलाच भरावी लागेल. त्यापेक्षा लॅम्बस्वूलचा एखादा मऊ मफलर घ्या. वजन नाही, फुटायची भीती नाही, सेलमध्ये हमखास मिळतो. तो भारतात जाणाऱ्या एखाद्या मित्राच्या बॅगेत कोपऱ्यात सहज मावतो. जानेवारीत कुणी ना कुणी जातंच, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा. फक्त किमतीची चिठ्ठी आधी काढून टाका, नाहीतर फोनवर पहिला प्रश्न 'एवढे पौंड कशाला घातलेस' हाच येईल.