जॅको पॅस्टोरियसचा पहिला अल्बम बेस शिकणाऱ्याने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

चार महिने बेस गिटार शिकताय, अमेरिकन बेसवादक जॅको पॅस्टोरियसच्या पहिल्या अल्बममधलं 'डोना ली' ऐकलंत आणि आता शिकणं सोडावंसं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी हेच झालं होतं. अडीच मिनिटांचा तो पहिला ट्रॅक संपला आणि माझा बेस जो कव्हरमध्ये गेला, तो पुढच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीलाच बाहेर आला.

तेव्हा 'डोना ली' तूर्त राहू द्या. बीबॉपची, म्हणजे वेगवान जॅझची ती वळणावळणाची चाल सॅक्सोफोन-ट्रम्पेटची. जॅको ती बेसवर वाजवतो आणि सोबतीला फक्त डॉन अलियासचे काँगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उभे ढोल. पियानो नाही, काही नाही. १९७६ साली बेसवाल्यांची झोप उडाली ती यामुळे. पण ते वाजवणारा माणूस त्याआधी वेन कॉक्रन या सोल गायकाच्या बँडबरोबर गावोगाव फिरून, गायकाच्या मागे उभा राहून वाजवत होता. आपल्यासारखाच म्हणा ना!

म्हणून सुरुवात दुसऱ्या ट्रॅकपासून करा, 'कम ऑन, कम ओव्हर'. सॅम आणि डेव्ह ही सोल गायकांची जोडी गातेय, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) वाजतोय, आणि खाली बेस आपलं काम करतोय. फक्त तोच धरून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको; त्यात खर्ज येतच नाही, हेडफोन लावा.

मग 'कंटिन्युअम'. जॅकोचा फेंडर जॅझ बेस पडदे काढलेला होता, त्यामुळे स्वरावरून स्वरावर घसरत जाता येतं, सरोदवर मींड घेतात तसं. तारा राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत वेटोळ्यांच्या. त्या लाकूड खातात, म्हणून त्याने फिंगरबोर्डवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं रेझिन, चढवलं होतं. त्या कडक पृष्ठभागाला तार निसटती घासते आणि स्वर उमटल्यावर पुन्हा फुलतो. तंबोऱ्याची जवारी कानात असेल तर हा आवाज तुम्हाला लगेच ओळखीचा वाटेल.

'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' शेवटी ऐका. एकटा बेस, त्यातही बहुतेक हार्मोनिक्स, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले स्वर. ट्रेसी त्याची तेव्हाची बायको. मी हे शिकायला गेलो तेव्हा एका जागी अडकलो, तो आजतागायत अडकलोय: पहिलं बोट खाली स्वर दाबून ठेवायचं आणि करंगळी लांब ताणून त्याच तारेला नुसती टेकवायची. माझी करंगळी पोचते तोवर पहिलं बोट उचललं जातं आणि स्वर मरतो.

पण हार्मोनिक तुम्हाला आजच वाजवता येईल. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका. तार छेडा आणि बोट लगेच उचला. मग हेच सातव्यावर आणि पाचव्यावर. 'ट्रेसी'तली ती घंटीसारखी किणकिण तुमच्याच बेसमधून येईल. क्लासच्या सरांना विचारत बसू नका. माझे सर म्हणाले होते, आधी सा रे ग म नीट वाजव.