धावण्याची सॅक: आधी सामान मांडा, मग लिटर ठरवा

प्रश्न: डिसेंबरात पन्हाळ्याहून मसाई पठारमार्गे करपेवाडीपर्यंत धावत जायचा आमचा बेत आहे. पहाटे पाचला निघणार, चार-पाच तास लागतील. घरी कॉलेजची २० लिटरची सॅक आहे, पण धावताना ती पाठीवर आपटते. दुकानात ५ पासून १५ लिटरपर्यंत व्हेस्ट (जाकिटासारख्या अंगात घालायच्या धावण्याच्या सॅक) आहेत. कोणती घ्यावी? (एक वाचक, रंकाळा परिसर)

उत्तर: लिटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी घरी चटईवर सामान मांडा: दीड लिटर पाणी, विंडचीटर, हेडलाइट, मोबाइल, खाणं, बँडेज आणि क्रेप पट्टी, फॉइलचं चकचकीत ब्लँकेट. यात पाणीच दीड किलो. विंडचीटर १५० ग्रॅम, हेडलाइट ९०, ब्लँकेट ६०, मोबाइल २०० आणि गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू मिळून ३०० धरले तर एकूण ओझं अडीच किलोच्या आत राहतं. रिकामी व्हेस्ट साधारण २०० ते ४०० ग्रॅमची असते. म्हणजे लेबलवरच्या पन्नास ग्रॅमच्या फरकासाठी दोन-तीन हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही. ती पाठीला कशी बसते, यालाच खरी किंमत आहे.

कॉलेजची सॅक आपटते कारण तिचं वजन खाली, पाठीपासून लांब लोंबतं. पाऊल पडलं की अंग थांबतं, सॅक मागून येऊन बसते. त्यात वीस लिटरच्या पोकळीत पाचच लिटरचं सामान असलं, तर ते आतल्या आत हिंदकळतं. व्हेस्टमध्ये निम्मं पाणी छातीवर येतं, बाकीचं ओझं खांद्यांच्या पात्यांमध्ये उंच बसतं, म्हणून ती अंगाबरोबर हलते. तुमच्या यादीला ८ ते १० लिटर पुरतात. धुक्यात थांबावं लागलं तर अंगात घालायला एक पातळ फ्लीस हवंच, म्हणून आमचा कौल १० ते १२ लिटरला. पाच लिटरची घेतलीत तर पहिल्यांदा फ्लीसच घरी राहील. मसाईवर झाडाचा आडोसा नाही, चढावर घामानं पाठ भिजलेली असते आणि वर पोचल्यावर वारा लागतो. त्या वेळी फ्लीस सॅकमध्येच हवं.

मापासाठी टेप काखेखालून छातीभोवती घ्या, तेही हिवाळ्यात घालणार त्याच कपड्यांवरून. दुकानात जाताना दोन भरलेल्या बाटल्या आणि जॅकेट बरोबर न्या. सॅक भरून पट्टे आवळा आणि जागच्या जागी वीस-पंचवीस उड्या मारा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, पूर्ण श्वास घेताना बरगड्यांना काच पडू नये. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढल्यावरच ती घट्ट बसत असेल तर ते माप मोठं आहे. वाटेत पाणी संपेल तशी ती आणखी सैल होणार, तेव्हा आवळायला जागाच उरणार नाही.

पाण्यासाठी अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या पुढे आणि तिसरी मागे ठेवा. भरल्यावर बाटली दाबून आतली हवा काढली की डचमळ थांबते. पुढच्या बाटल्यांतलं पाणी आलटून पालटून प्या, नाहीतर एक खांदा ओढला जातो. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी नेऊ नका. हिवाळा सरत आला की वाटेतले ओढे आटत जातात, त्यांच्या भरवशावर निघू नये. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, क्षार दुप्पट होतात.

प्रश्न: मी बाई आहे. दोन व्हेस्ट वापरून पाहिल्या, दोन्हींचा पट्टा नेमका छातीवर येतो आणि काखेत घासतं. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: पट्टे वर-खाली सरकवता येतील अशीच व्हेस्ट बघा. वरचा पट्टा छातीच्या वर, गळ्याच्या हाडापासून तीन-चार बोटं खाली, आणि खालचा छातीच्या खाली बरगड्यांवर यायला हवा. बाटल्यांचे खिसे समोर दाबत असतील तर मागे ब्लॅडर (नळी लावलेला पाण्याचा मऊ फुगा) घ्या. तो भरून बंद केल्यावर उलटा धरा आणि नळीतून हवा ओढून घ्या, म्हणजे आत पाणी खळखळत नाही. काखेत घासण्याचं कारण बहुतेकदा काठाची जाड शिवण असतं. विकत घेण्याआधी आतून बोट फिरवून पाहा. मोठ्या धावेआधी तिथे व्हॅसलिन लावा.

प्रश्न: जानेवारीत उत्तराखंडात सांक्रीहून केदारकांठ्याच्या बाजूला बर्फावर धावायचं आहे. वरची १०-१२ लिटरचीच सॅक चालेल का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: नाही. तिथे जाड जॅकेट, जास्तीचे हातमोजे आणि मोजे, पाणी अडवणारा वरचा कपडा आणि बुटांना लावायचे काटे लागतात. एवढ्याला १८ ते २० लिटर हवेत, आणि सामान कमी असताना सॅक आवळायला बाजूनं दोऱ्या हव्यात. काटे जाड कापडी पिशवीत ठेवा, नाहीतर पातळ नायलॉन पहिल्याच दिवशी फाटेल. कपडे डबल प्लास्टिकमध्ये बांधा, कारण कापड पाणी अडवत असलं तरी शिवणीतून ते झिरपतं.

ब्लॅडरवर तिथे विसंबू नका. नळीत पाणी थोडं आणि ती उघड्यावर, म्हणून सगळ्यात आधी तीच गोठते. वापरायचीच असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून पाणी परत आत ढकला. त्यापेक्षा रुंद तोंडाची बाटली बरी: कोमट पाणी भरा, लोकरीच्या मोज्यात घाला आणि उलटी ठेवा. बर्फ वर धरतो, म्हणजे तो तळाशी जमेल आणि तोंड मोकळं राहील. मोबाइल बाहेरच्या खिशात नको, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. तो जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा. चेनला बोटभर दोरीचे फास बांधा, हातमोज्यांत बारीक चेन पकडता येत नाही.

आणि ही सॅक घेऊन थेट बर्फावर जाऊ नका. आधी जोतिबाच्या चढावर तेवढंच वजन भरून दोन-तीनदा धावा. घासणारी जागा, सुटणारं बकल, हाताला न लागणारा खिसा हे सगळं तिथेच कळेल. शिवण उसवली असेल तर बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून जाड नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी टाका घालून घ्या. घामाची सॅक गार पाण्यात हातानंच धुवा आणि सावलीत वाळवा.