तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी नाही तर विश्वासाने मिळतं असं बायबलमधल्या पत्रांत पौल सांगतो; कृतीशिवाय विश्वास मेलेला, असं याकोब. मग ख्रिस्ती माणसाने कोणाचं धरावं?

दोघांचंही. पत्र वाचताना समोर कोण बसलंय ते बघा. गलतीकरांच्या मंडळीत सुंतेशिवाय तारण नाही म्हणणारे घुसले होते, पौल त्यांच्याशी भांडतोय. याकोबासमोर उघड्या-उपाशी भावाला नुसते आशीर्वाद देऊन वाटेला लावणारे आहेत. दोघेही उत्पत्ती १५:६ मधलाच, विश्वासामुळे नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरलेला अब्राहाम पुढे करतात. याकोब फक्त तिथून पुढे, अब्राहाम मुलगा इसहाकाला अर्पायला निघाला त्या वेदीपर्यंत जातो. धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताची काडी म्हटलं, पण बायबलमधून काढलं नाही.

खरा घोळ एकच वचन उचलून दुसऱ्याच्या डोक्यात हाणण्याचा आहे. आमचे वडील वारले तेव्हाची गोष्ट. नगर जिल्ह्यातलं जुनं मिशनचं घराणं, वडील शाळामास्तर. रविवारची उपासना सुटली की सरकारी दवाखान्यात बेवारस पेशंटांना डबा घेऊन जायचे. कबरस्थानातून परत आलो, अंगणात सतरंजी टाकलेली, चहा फिरत होता. मामा तेव्हा नुकतेच एका फेलोशिपमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवलेलाच बाप्तिस्मा खरा मानणाऱ्या मंडळीत, गेले होते, विहिरीत बुडी मारून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलेले. बशीत चहा ओतत म्हणाले, "दाजी माणूस चांगले, पण तान्हेपणी डोक्यावर शिंतोडे उडवले तो काय बाप्तिस्मा? मार्क १६:१६ बघा, 'जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल.' दाजींचं तारण अवघड आहे." आई दारातच उभी होती. पुढे आली आणि भावाच्या हातातली बशी काढून घेतली, चहासकट.

आता मार्कचंच बोलू. १६:९ पासून पुढचा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या, मार्कचं शेवटचं प्रकरण असलेल्या सर्वांत जुन्या दोन हस्तलिखितांत नाहीच. तो धरला तरी त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात दंड विश्वास न ठेवणाऱ्याला आहे, शिंतोडेवाल्याला नाही. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने स्वर्ग कबूल केला, त्याला कोणी नदीवर नेलं होतं? आणि मत्तय २५ मध्ये राजा भुकेल्याला, आजाऱ्याला काय केलंत ते विचारतो. पाणी किती खोल होतं ते विचारत नाही.

बाप्तिस्मा घेतला काय, न घेतला काय, असं मी म्हणत नाही. घ्यावाच. डबे वाटून स्वर्ग मिळतो असंही नाही. इफिस २:८-९ वाचा, पण १० वं वचन गाळू नका, सत्कृत्यं तिथेच आहेत. कॅथलिकांची मांडणी निराळी, तरी त्यांनी आणि लुथरनांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्गला, नीतिमान ठरणं कृपेनेच, यावर एकत्र सह्या केल्या. जवळजवळ पाचशे वर्षं भांडलेल्यांना जमलं, आमच्या घरात अजून नाही.

मामा, वाचत असाल तर प्रेषित १६:३३ काढा. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा घरच्यांसकट बाप्तिस्मा मध्यरात्री झाला. तिथे हौद होता की घागर, तेवढं कळवा.