बुधवारचा टेम्पो थांबवा, आधी दाराची कड बघा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना. सासूबाईंचं दोन दारांचं सागवानी कपाट, दारांवर ओलीचे पांढरे डाग, आषाढापासून अडकून बसलेला खण, उजव्या दाराचा खालून सुटलेला पापुद्रा. आणि दुकानदार म्हणतोय, "पूर्ण सागवानी आहे, घासायचं मशीन चालतं, कारखान्यात नेतो, फुल पीयू मारून नव्यासारखं करून देतो, ३२ हजार." (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर मारायचा प्लास्टिकसारखा कडक थर.) हे सगळं सात वर्षांपूर्वी मी जसंच्या तसं ऐकलंय आणि मान डोलावलीय. म्हणून हात जोडून सांगतो, बुधवारचा टेम्पो आठ दिवस पुढे ढकला. कपाट कुठे पळून जात नाही.

आधीच सांगतो, मी सुतार नाही. आयुष्य बँकेत गेलं. तुमचं कपाट मी पाहिलेलं नाही आणि तुमच्या दुकानदाराबद्दल मला काहीही ठाऊक नाही. माझ्या हातून काय झालं तेवढं सांगतो, निर्णय तुमचा.

आमचं कपाट आजीचं. १९३८ च्या सुमारास आजोबांनी गिरगावात करवून घेतलेलं. मरीन ड्राइव्हच्या ज्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्याच काळातला घाट. कोपरे वळवलेले, आतला सांगाडा बर्मा सागवानाचा आणि दारांवर शिसवीचं विनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. एकाच ओंडक्यातून निघालेले लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाची पानं उघडावीत तसे समोरासमोर लावलेले. त्यामुळे डाव्या दारावरची रेष उजव्या दारावर आरशात पडल्यासारखी उमटायची. लहानपणी तापात पडलो की मला त्यात मोराची दोन तोंडं दिसायची.

पॉलिश काळवंडलं होतं, दोन ठिकाणी विनिअर फुगलं होतं. गावातल्या एका मोठ्या, नावाजलेल्या दुकानात गेलो (नाव लिहिणार नाही, निरोपातही विचारू नका). माणूस घरी येऊन बघून गेला. पावतीवर लिहिलं, "कपाट १ नग, फुल पॉलिश". बास. मी सही केली. माझी घोडचूक तीच सही. कर्जाच्या कागदातला स्वल्पविराम तपासणारा मी, घरातल्या सगळ्यात जुन्या वस्तूसाठी एवढ्याच शब्दांवर सही करून आलो.

१९ दिवसांनी कपाट आलं. चकचकीत, काचेसारखं आणि एकजात चॉकलेटी. मोर नव्हते.

झालं होतं असं. त्यांनी घासायचं मशीन फिरवलं. आपल्याकडच्या जुन्या कामातलं विनिअर जाड म्हटलं तरी मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. आणि ऐंशी वर्षांत त्यावर कितीदा घासायचा कागद फिरलेला असतो कोण जाणे. मशीन कडांवर आणि वळणांवर आधी खातं. तिथे शिसवी संपून खालचं पिवळं सागवान उघडं पडलं. मग लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) भरली, आणि तो फरक झाकायला सगळ्या कपाटावर गडद रंग चढवून वरून पीयू. गेलेलं लाकूड कुठल्याच पैशाने परत येत नाही.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. डाव्या दाराच्या आतल्या अंगाला आजी शिसपेन्सिलीने धोब्याचा हिशोब लिहायची. "धोतरं ४, लुगडी ३, अभ्रे ६, एक अभ्रा आला नाही." खाली तारखा. दुकानाने सचोटीने आतूनही स्वच्छ घासून दिलं होतं. आजीचं अक्षर आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. ती पत्रं लिहीत नसे.

चार वेळा गेलो. शेवटी मालक म्हणाले, "साहेब, तुम्हाला चकचकीत नको होतं तर आधी सांगायचं." मी भांडलो, ग्राहक तक्रारीचाही विचार केला. वकील मित्राने पावती वाचून परत दिली. म्हणाला, तू फुल पॉलिश मागितलंस, त्यांनी फुल पॉलिश दिलं. आजही राग येतो, पण त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून कागदावर काय करायचं हे लिहिण्याआधी काय करायचं नाही ते लिहून घ्या. मशीन लावायचं नाही. रंग बदलायचा नाही. आतल्या बाजूला हात लावायचा नाही. कड्या, कुलपं, मुठी, आरसा बदलायचा नाही. विचारल्याशिवाय लांबी भरायची नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि प्रत्येक बाजूचे फोटो. दुकानदार हसला तर हसू दे.

आता तुमच्या कपाटाबद्दल. दार उघडून वरची कड बघा. समोरच्या रेषा कडेवरून पलीकडे जाताना दिसल्या तर भरीव लाकूड. कडेपाशी एकदम थांबल्या, किंवा कडेला वेगळ्या रंगाचा कागदाएवढा थर दिसला, तर विनिअर. तुम्हीच "पापुद्रा सुटलाय" लिहिलंय, तेव्हा मला तरी ते विनिअरच वाटतंय. मग पूर्ण सागवानी कपाटाला मशीन चालतं, हे दुकानदाराचं म्हणणं तुमच्या दारांना लागू नाही.

पॉलिश कुठलं तेही बघून घ्या. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट कापसाच्या बोळ्याला लावून बिजागरीमागच्या न दिसणाऱ्या जागी मिनिटभर टेकवा. खिडकी उघडी हवी, आणि घरात निरांजन, गॅस काही पेटलेलं नको. जागा चिकट होऊन कापसाला तांबूस रंग लागला तर ते लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर बहुधा नंतर कुणीतरी मेलामाईन (पीयूसारखंच आधुनिक कडक पॉलिश) किंवा पीयू मारलेलं आहे, आणि मग माझं पुढचं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही.

लाख असेल तर तुमचं नशीब चांगलं. पळसा-बोरावरच्या किड्यापासून मिळणारी ही वस्तू स्पिरिटमध्ये पुष्कळ वर्षांनीही पुन्हा विरघळते. जुना थर खरवडायची गरजच नसते. जाणता माणूस कापसावर मलमल गुंडाळून, स्पिरिट आणि थोडी नवी लाख घेऊन तोच थर मऊ करतो आणि पुन्हा बसवतो. ओलीचे पांढरे डाग पॉलिशच्या थरातच असतील तर यात पुष्कळदा निघतात. पीयूवाल्याला मात्र आधी सगळं काढावंच लागतं, कारण लाखेत मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही. म्हणजे मशीन हा त्याचा वाईटपणा नाही, त्याच्या पद्धतीची गरज आहे. पद्धत निवडणारे आपण.

पीयू टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. जेवणाच्या टेबलावर मी स्वतः पीयूच करून घेतलंय. लाखेवर गरम कप ठेवला की गोल उठतो, सॅनिटायझर सांडलं की थर उतरतो. पण कपाटाच्या दारावर कोण कप ठेवतं?

अडकलेल्या खणाला आत्ता रंधा मारू देऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं. आज तासलेला खण मार्चमध्ये खुळखुळतो आणि मग पट्ट्या ठोकत बसावं लागतं. दिवाळीनंतर स्वतःहून सैल झाला तर खालच्या पट्टीवर मेणबत्ती घासा, बास. लाखेचं पॉलिशही पावसाळ्यात नकोच. दमट हवेत नवा थर पांढुरका पडतो. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. कुणी ऑगस्टमध्ये "दोन दिवसांत हात पॉलिश" म्हणाला तर मी तरी त्याला दारातूनच परत पाठवीन.

कपाटानंतर तीन वर्षं मी कशालाच हात लावू दिला नाही. मग आजोबांची आरामखुर्ची निघाली. ओळखीतून एक वयस्क मिस्त्री मिळाले, दुकान नाही, हाताखाली एक पुतण्या. त्यांनी खुर्ची न्यायला नकार दिला, म्हणाले घरातच करू, तुम्ही बघत राहा. सहा दिवस गॅलरीत बसून काम केलं. लाख आदल्या रात्री माझ्यासमोर भिजवली, कारण वर्षभर बाटलीत पडलेली लाख नीट वाळत नाही, चिकट राहते. सुटलेला सांधा उघडून आतला जुना सरस कोमट पाण्याने सोडवला आणि पुन्हा सरसच लावला. फेविकॉल का नाही विचारलं, तर म्हणाले, पुढच्याला उघडता यायला हवं. डाव्या हाताजवळ आजोबांच्या अडकित्त्याचा एक खड्डा आहे. तो भरू का, असं त्यांनी आधी विचारलं. मी नको म्हटलं आणि मला तिथेच भरून आलं. एकूण ११,५०० रुपये झाले, वेत वेगळा. (वेताची वीण अंध कारागिरांच्या संस्थांमध्ये करून मिळते, आमची तिथेच केली, अजून तंग आहे. तुमच्याकडे तशी खुर्ची असेल तर जरूर विचारा.)

असा माणूस शोधायला वेळ जातो, हे खरं. माझा अनुभव असा की "कधीपर्यंत देता" यापेक्षा "याला आधी कुठलं पॉलिश आहे" हे विचारावं. बोट फिरवून, वास घेऊन, स्पिरिट लावून जो सांगतो त्याच्याशी पुढे बोलावं. लांबूनच "सगळं काढून टाकू" म्हणणारा माणूस मला नको. कपाटाच्या तळाशी बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा आहे का तेही बघा. असेल तर पॉलिशच्या आधी किडीचा बंदोबस्त, नाहीतर सगळा खर्च वाया.

आज एवढंच करा. दोन्ही दारांच्या आतल्या अंगाचे, खणांच्या मागच्या बाजूचे फोटो काढा, उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे पेन्सिलीचं काही असेल तर दिसेल. वरच्या कडेचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, विनिअर आहे का ते सगळे मिळून बघू. आणि सुटलेल्या पापुद्र्याचा तुकडा केर काढताना सापडला असेल तर फेकू नका. पाकिटात घालून त्याच कपाटाच्या खणात ठेवा. त्या रंगाचा, त्या रेषेचा तुकडा बाजारात मिळत नाही.