सिगारेटमुळे पांढऱ्या पेशी वाढतात का?

प्रश्न : मिस्टरांचं वय ४६, वीसेक वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी चालू आहेत. कंपनीच्या मेडिकलमध्ये पांढऱ्या पेशी १२,४०० आल्यात, ताप वगैरे काही नाही, सकाळी तेवढा खोकला असतो. नेटवर ब्लड कॅन्सरचं वाचलं आणि माझी झोपच उडाली. हे मात्र म्हणतात, पेशी जास्त म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली! खरं काय?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, एवढ्या आकड्यावरून लगेच कॅन्सरवर जाऊ नका. नॉर्मल साधारण ४,००० ते ११,००० धरतात आणि रोज ओढणाऱ्यांचा काउंट थोडा वर असणं आम्ही नेहमी बघतो. धुरामुळे फुफ्फुसात कायम सूज राहते, तिथून निघालेली रसायनं रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत जातात आणि मगज जास्त पेशी बनवून बाहेर सोडत राहतो, त्यात मुख्य वाढ न्यूट्रोफिल्सची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची.

पण मिस्टरांचं म्हणणं साफ चूक आहे, हे त्यांना वाचून दाखवा. या पेशी जंतू मारायला जी एन्झाइम्स सोडतात तीच फुफ्फुसाच्या नाजूक पडद्याला खातात, पुढे दम लागायला लागतो तो यातूनच, आणि प्रतिकारशक्ती म्हणाल तर टीबी, न्यूमोनिया सिगारेट ओढणाऱ्यांनाच जास्त होतात. हिमोग्लोबिनही बघा, तेही कधीकधी वर असतं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवतो आणि ती कमी भरून काढायला शरीर हिमोग्लोबिन जास्त बनवतं. ते जास्त दिसलं म्हणून रक्त चांगलंय असं समजू नका.

तरी सगळं सिगारेटवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. दातात पू, कुठलं इन्फेक्शन, स्टेरॉइडच्या गोळ्या यानेही काउंट वाढतो. दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) परत करा, सोबत डिफरन्शियल (कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती) आणि पेरिफेरल स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) सांगा, आणि सकाळचा खोकला आहे तर छातीचा एक्स-रे काढाच. काउंट दरवेळी चढत गेला, स्मिअरमध्ये कच्च्या, म्हणजे पूर्ण वाढ न झालेल्या पेशी दिसल्या, वजन उतरलं, गाठी आल्या किंवा रात्री घाम फुटायला लागला तर रक्तविकार तज्ज्ञाकडे लगेच जा.

सिगारेट सोडली की काही आठवड्यांतच काउंट उतरायला लागतो, पूर्ण खाली यायला मात्र बऱ्याच जणांना वर्षं लागतात. नुसतं कमी करून भागत नाही हो, बंदच करायला लावा. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन फुकट आहे, फोन मात्र त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही.